सेकंद मोजू नका, वजाबाकी करा

तुमच्यापैकी बरेच जण हल्ली मोबाइलवर सराव-परीक्षा देतात. पडद्याच्या कोपऱ्यात उरलेला वेळ दिसत असतो : ६०:००, ५९:५९, ५९:५८... अशातच घरातल्या त्या एकुलत्या फोनवर मामाचा फोन येतो. सात मिनिटे बोलणे होते. मग ॲप पुन्हा उघडावे, तर टायमर जिथे सोडला होता तिथेच उभा! कोणी म्हणेल, बरे झाले, सात मिनिटे फुकट मिळाली. दुसऱ्या एखाद्याच्या फोनवर याहून वाईट घडते. ॲप पहिल्यापासून सुरू होते, टायमर पुन्हा ६०:०० दाखवू लागतो आणि सोडवलेली उत्तरेही नाहीशी झालेली असतात.

'फोनच तसला आहे' असे म्हणून आपण ही गोष्ट सोडून देतो. माझे मत निराळे आहे. दोष फोनचा नाही. ज्याने तो टायमर लिहिला त्याच्या विचाराचा आहे. वेळ राखणे म्हणजे सेकंदांचे ठोके एकामागून एक मोजत बसणे, अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. ती दुरुस्त करण्याची योग्य जागा म्हणजे शाळेतील विज्ञानाचा तास होय, आणि तेच या लेखात मांडायचे आहे.

फोन झोपतो, आणि झोपलाच पाहिजे

प्रथम फोनच्या आत काय घडते ते पाहू. तुम्ही एक ॲप बाजूला सारून दुसरे उघडता किंवा पडदा बंद करता, तेव्हा पहिले ॲप 'पार्श्वभूमीत' जाते. त्याचे काम तसेच चालू राहील असे आपल्याला वाटते. पण ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे फोनचा सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली, तसे होऊ देत नाही. आयफोनमध्ये पार्श्वभूमीत गेलेले सामान्य ॲप थोड्याच वेळात गोठवले जाते. अँड्रॉइड प्रणालीत २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून 'डोझ', म्हणजे डुलकी नावाची व्यवस्था आली. पडदा बंद करून फोन काही काळ स्वस्थ पडून राहिला की ॲपची बहुतेक कामे थोपवून धरली जातात. २०१७ च्या आठव्या आवृत्तीने पार्श्वभूमीतील कामांवर आणखी मर्यादा घातल्या. शिवाय फोनची स्मृती अपुरी पडू लागली, तर पार्श्वभूमीतील ॲप पूर्णपणे बंदही केले जाते.

याला अन्याय म्हणावे काय? मुळीच नाही. प्रोसेसर जागा असताना बॅटरीतून जी ऊर्जा घेतो, तिच्या मानाने झोपेत फारच थोडी घेतो. फोनमधील पन्नास ॲपनी 'आम्हाला दर सेकंदाला उठवा' असा हट्ट धरला, तर सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी संध्याकाळपर्यंतही पुरणार नाही. म्हणून झोप हा फोनचा दोष मानू नये. ती बॅटरीची काटकसर आहे.

परंतु या झोपेतही एक गोष्ट जागी असते. फोनमध्ये क्वार्ट्झचा, म्हणजे गारेचा, एक अगदी लहानसा स्फटिक असतो. विद्युत्-दाब दिला की तो कंप पावतो. घड्याळासाठी वापरला जाणारा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावेल असा कापलेला असतो. हाच आकडा का, हा प्रश्न पडायलाच हवा. ३२,७६८ हा दोनचा पंधरावा घात आहे. या संख्येला पंधरा वेळा निम्मे केले की नेमका एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. या कामाला ऊर्जा इतकी कमी लागते की बटणाएवढ्या सेलवर क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ वर्ष-दोन वर्षे चालते. म्हणजे सारा फोन झोपला तरी त्यातील घड्याळ चालूच असते. मग ॲपने स्वतः जागे राहून निराळे सेकंद मोजण्याचे कारण काय?

घटिकापात्राचा धडा

हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे तो कित्येक शतके जुना आहे. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती पाण्याच्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडायची. छिद्रातून हळूहळू पाणी आत येते, आणि एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली की वाटी बुडते. अशा साठ घटिकांचे एक अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त सूर्योदयानंतर अमुक घटिका आणि अमुक पळे असा काढलेला असे, आणि जोशीबुवा घटिकापात्रावर लक्ष ठेवून असत. 'घटका भरली' हा आपल्या बोलीतला प्रयोग या वाटीची आठवण देतो. 'तास' हा शब्दही मुळात ठोका देण्याच्या धातूच्या थाळीचा आहे.

आजच्या भाषेत घटिकापात्र हा उलटगणतीचा टायमरच होय. त्याची अडचणही तीच आहे. वाटी बुडाली की लगेच कोणीतरी ती उचलून रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवली पाहिजे. त्यात दर वेळी थोडा वेळ जातो. राखण करणाऱ्याला डुलकी लागली, तर वाटी तळाशी पडून राहते आणि मधल्या घटिका मोजणीतून गळतात. वाटीला त्याचा पत्ताही लागत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवले होते. लीलावती कुतूहलाने त्यात डोकावली, तेव्हा तिच्या दागिन्यातील एक मोती वाटीत पडला आणि छिद्र बुजले. पाणी आत येईना, वाटी बुडेना, आणि मुहूर्त टळून गेला. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती' ग्रंथाचे फारसी भाषांतर केले, त्यात ही गोष्ट आली आहे. मूळ ग्रंथ ११५० चा. म्हणजे गोष्ट चारशेहून अधिक वर्षांनंतरची. तेव्हा तिला इतिहास न मानता आख्यायिकाच मानावे. आपल्यापुरता तिचा बोध मात्र महत्त्वाचा आहे. मोती पडला हे दुर्दैव खरे. पण सगळे जण वाटीकडे पाहत बसले आणि आकाशातील सूर्याकडे कोणी पाहिले नाही, ही खरी चूक. छिद्र बुजल्याने सूर्य काही थांबला नव्हता!

फोन आल्यावर थांबलेला तुमचा टायमर म्हणजे छिद्र बुजलेले घटिकापात्र होय.

मोजणीत चूक साचते, वजाबाकीत साचत नाही

टायमर दोन रीतींनी लिहिता येतो. पहिली रीत अशी : उरलेले सेकंद ३,६०० धरा, एक सेकंद थांबा, एक वजा करा, आकडा दाखवा, पुन्हा तेच करा. प्रोग्रामिंग शिकू लागलेला विद्यार्थी सहसा हीच रीत लिहितो. ती सोपी दिसते आणि पाच मिनिटांच्या चाचणीत बरोबरही ठरते.

दुसरी रीत अशी : सुरुवात झाली त्या क्षणीच 'शेवट केव्हा' हे ठरवून लिहून ठेवा. त्यानंतर जेव्हा जेव्हा आकडा दाखवायचा असेल, तेव्हा घड्याळात पाहा आणि शेवटच्या क्षणातून आताचा क्षण वजा करा. परीक्षा ११ वाजून ४० मिनिटांनी संपणार आहे, आता ११ वाजून १२ मिनिटे झाली आहेत, म्हणजे उरली २८ मिनिटे. मधल्या काळात ॲप झोपले होते, बंद पडले होते की जागे होते, याने उत्तरात काडीचाही फरक पडत नाही.

दोन्ही रीतींतील चुकीचे गणित करून पाहू. पहिल्या रीतीत 'एक सेकंद थांबा' याचा अर्थ 'निदान एक सेकंद थांबा' असा असतो. त्यानंतर आकडा बदलणे, पडदा रंगवणे यात आणखी थोडा वेळ जातो. दर ठोक्याला फक्त १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, जादा गेला असे धरू. तीन तासांत १०,८०० ठोके पडतात. चूक झाली १०८ सेकंदांची, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मिनिटांची. आणि तीही ॲप एकदाही झोपले नसताना! आता दुसरी रीत. तिच्यात चूक येईल ती फक्त स्फटिकाच्या घड्याळाची. साधारण स्फटिक दहा लाखांत वीस भाग चुकतो असे धरले, तर दिवसाला ती चूक १.७ सेकंदाच्या आसपास येते. तीन तासांत सुमारे ०.२ सेकंद. कुठे १०८ आणि कुठे ०.२!

बारीक चूक साचत जाते तेव्हा काय होते, याचे एक दुःखद उदाहरण इतिहासात आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या 'पेट्रियट' क्षेपणास्त्र-यंत्रणेला समोरून येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत असे. एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. त्याचे शेपूट छाटावे लागते. ही छाटणी अगदी नगण्य होती, परंतु यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू होती. साचत साचत चूक ०.३४ सेकंदावर गेली. एवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणा आकाशात भलत्याच जागी शोध घेत राहिली.

कोणत्या घड्याळावर विसंबावे?

चौकस वाचक आता एक शंका काढील. शेवटचा क्षण घड्याळाच्या वेळेत लिहून ठेवला आणि कोणी मध्येच घड्याळच बदलले तर? शंका रास्त आहे. घड्याळाची वेळ हा माणसांनी आपसात केलेला करार असतो. नागपूरचेच पाहा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. आपले शहर सुमारे ७९.१ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणून नागपुरात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा वाजून सुमारे १४ मिनिटे झालेली असतात. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईची स्वतंत्र वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती आणि ती १९५५ पर्यंत तग धरून होती. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशातील घड्याळे एक तास पुढे करून ठेवली होती. त्या बदलाच्या रात्री कोणी 'दोन वाजता उठवा' असे सांगून झोपला असेल, तर त्याची एक तासाची झोप कमी झाली. घड्याळ पुढे झाले तरी काळ काही पुढे सरकत नाही!

म्हणून फोनमध्ये दोन घड्याळे ठेवलेली असतात. एक व्यवहाराचे, ते जाळ्यावरून आपोआप दुरुस्त होते आणि सेटिंगमध्ये जाऊन हातानेही बदलता येते. आतून ते १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासूनचा काळ मोजते. जोशीबुवांचा सूर्योदय तसा संगणकाचा हा १९७० चा दिवस. दुसरे घड्याळ फोन चालू केल्यापासून किती काळ गेला एवढेच सांगते. फोन झोपेत असतानाही ते चालू असते, आणि वापरणाऱ्याला त्याला हात लावता येत नाही. 'एवढा वेळ गेला का' हे पाहण्यासाठी हे दुसरे घड्याळ योग्य. फोन बंद करून पुन्हा चालू केला की मात्र ते शून्यावर येते. अशा वेळी पहिल्याचाच आधार घ्यावा लागतो. यासाठी शेवटचा क्षण दोन्ही घड्याळांनुसार फोनच्या कायम स्मृतीत लिहून ठेवणे हेच शहाणपणाचे.

उरला गजर. वेळ संपल्यावर घंटा वाजायला हवी, तर त्यासाठी ॲप जागे राहायला नको काय? नको. ते काम ऑपरेटिंग सिस्टीमवर सोपवता येते : 'अमुक क्षणी मला उठवा.' पहाटे पाचला उठायचे म्हणून आपण रात्रभर घड्याळाकडे पाहत बसत नाही. आईला सांगून झोपतो. तसेच हे. वेळ अगदी नेमकी हवी असेल तर तशी मागणी स्पष्टपणे करावी लागते, आणि अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून (२०२१) त्यासाठी परवानगीही घ्यावी लागते. फोन बंद करून चालू केला तर ही नोंद पुसली जाते, म्हणून ती पुन्हा करावी लागते. एवढी काळजी घेतली की काम झाले.

काही लोक सल्ला देतात, 'त्या ॲपला पार्श्वभूमीत कायम चालू राहण्याची परवानगी देऊन टाका.' हा सल्ला मला मान्य नाही. गाणी ऐकवणाऱ्या किंवा रस्ता दाखवणाऱ्या ॲपला पडद्याआड खरोखरच काम असते. टायमरला तसे काहीच काम नसते. त्याला दोन संख्या हव्यात आणि एक वजाबाकी.

यात न्यायाचा प्रश्न आहे

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा टायमरसाठी केवढा हा खटाटोप! पण विचार करा. ज्याच्याकडे भरपूर स्मृतीचा नवा महाग फोन आहे, त्याचे ॲप पार्श्वभूमीत पुष्कळ वेळ जिवंत राहते. ज्याच्याकडे वडिलांचा चार वर्षांचा जुना फोन आहे, त्याचे ॲप आधी बंद केले जाते. आणि घरातला फोन एकच असल्यामुळे त्याच्यावर मध्ये बोलणीही जास्त येतात. सेकंद मोजणारा टायमर चुकतो तो या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत अधिक. त्याला 'फुकट' मिळालेली सात मिनिटे ही खरे तर फसवणूक आहे. सराव ६७ मिनिटांचा झाला, आणि खऱ्या परीक्षेत ६० मिनिटेच मिळणार आहेत. खऱ्या परीक्षेत घड्याळ कोणासाठी थांबत नाही. जेईई मेनसारख्या संगणकावरील परीक्षेत घड्याळ सर्व्हरवर लावलेले असते आणि समोरच्या पडद्यावर केवळ उरलेला वेळ दिसतो, असे विद्यार्थ्यांना दिलेल्या सूचनांतच म्हटलेले असते. वेळ ठरवणारे एक आणि दाखवणारे दुसरे, ही विभागणी योग्यच आहे. सरावाच्या ॲपनेही तीच पाळावी.

घड्याळ कधीच थांबवू नये असे माझे म्हणणे नाही. १५ जुलै २०१९ च्या पहाटे चंद्रयान-२ च्या उड्डाणाची उलटगणती ५६ मिनिटे २४ सेकंद उरलेले असताना थांबवण्यात आली. अग्निबाणात तांत्रिक दोष आढळला होता. उड्डाण पुढे २२ जुलैला यशस्वी झाले. तिथे घड्याळ माणसांनी विचार करून थांबवले आणि तसे सर्वांना जाहीर केले. टायमरलाही 'थांबा' असे बटण जरूर असावे. मात्र थांबणे हा वापरणाऱ्याचा निर्णय असावा. कोणाला न सांगता मुकाट्याने थांबणारा टायमर बंद घड्याळापेक्षा वाईट. बंद घड्याळावर निदान कोणी विसंबून राहत नाही.

शाळेत काय करता येईल?

शिक्षकांना माझी विनंती आहे की 'कालमापन' हा पाठ केवळ एककांपाशी संपवू नये. तीन साधे प्रयोग सहज करता येतात.

पहिला प्रयोग घटिकापात्राचा. पातळ पत्र्याच्या, सरळ काठाच्या वाटीला तळाशी बारीक छिद्र पाडा. छिद्र पाडताना मोठ्यांची मदत घ्या. वाटी बादलीत तरंगत सोडून बुडायला लागणारा वेळ दहा वेळा मोजा; सरासरी काढा आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान वेळेतील फरक पाहा. सरळ भिंतींच्या वाटीत बाहेरील व आतील पाण्याच्या पातळ्यांतील फरक वाटीच्या वजनावर ठरतो आणि जवळजवळ कायम राहतो, म्हणून पाणी एकसारख्या वेगाने आत येते. हे आर्किमिडीजच्या तत्त्वावरून सिद्ध करून पाहा. छिद्र फार बारीक असेल तर थंड आणि कोमट पाण्यात वेळ निरनिराळा येतो काय, हेही पाहा. कोमट पाणी कमी चिकट असते. नागपूरचा मे महिना आणि डिसेंबर महिना यांत एकाच वाटीची घटिका सारखी भरेल का, याचे उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल.

दुसरा प्रयोग माणसांचा. वर्गातील एका मुलाने डोळे मिटून दहा मिनिटे मनात सेकंद मोजावेत; इतरांनी अधूनमधून त्याला प्रश्न विचारावेत. दुसऱ्या मुलीने फक्त सुरुवातीची वेळ कागदावर टिपून ठेवावी, हवे तर गोष्टीचे पुस्तक वाचत बसावे, आणि मधूनमधून भिंतीवरील घड्याळ पाहून वजाबाकी करावी. दहा मिनिटे झाल्याचे दोघांनीही सांगावे. कोण किती चुकले ते फळ्यावर लिहा.

तिसरा प्रयोग फोनचा, आणि तो घरी करायचा. तुम्ही वापरता त्या अभ्यासाच्या ॲपमध्ये दहा मिनिटांचा टायमर लावा. पडदा बंद करून फोन पाच मिनिटे टेबलावर ठेवून द्या. मग उघडून भिंतीवरील घड्याळाशी ताडून पाहा. दुसऱ्या वेळी मध्ये चार-पाच इतर ॲप उघडून पाहा. तिसऱ्या वेळी फोन बंद करून पुन्हा चालू करा. टायमर कोणत्या परीक्षेत नापास झाला त्याची नोंद ठेवा. ॲप बनवणाऱ्यांना अभिप्राय कळवण्याची सोय असते. तिथे नुसते 'ॲप वाईट आहे' असे न लिहिता आपली निरीक्षणे आकड्यांसह लिहा.

आणि तुमच्यापैकी जे स्वतः प्रोग्राम लिहू लागले आहेत, त्यांनी 'एक सेकंद थांबा, एक वजा करा' ही ओळ लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आपला प्रोग्राम सदैव जागा राहील असे गृहीत धरू नये. शेवट केव्हा आहे ते लिहून ठेवावे आणि घड्याळाला विचारून वजाबाकी करावी.

तीनही प्रयोगांचे निष्कर्ष, विशेषतः घटिकापात्राच्या दहा वेळांचा तक्ता, आपल्या विज्ञान-शिक्षकांना दाखवून संपादकांकडे पाठवावा. निरनिराळ्या गावांतील वाट्या किती मिनिटांत बुडतात ते शेजारी शेजारी मांडून पाहता येईल.